नानांच्या नावावरची कावीळ

मला नैराश्य आलं तेव्हा कावीळ माझ्या वडिलांना झाली. म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात नानांची तब्येत अशी, की दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीचं पोतं ते एकटे उचलून काट्यावर ठेवतात. पण प्रतिज्ञापत्रात त्यांना कावीळ झाली, ती वर्षभर टिकली, आणि तिचं पथ्य त्यांनी पुढं दोन वर्षं पाळलं.

हे मी लिहिते आहे ते अशा मुलामुलींसाठी, ज्यांचं शिक्षण मनाच्या आजारानं मध्येच थांबलं, आणि ज्यांना आता कुठल्यातरी खिडकीपाशी उभं राहून ‘का थांबलं होतं?’ याचं लेखी उत्तर द्यायचं आहे. औषधांबद्दल मी काही सांगणार नाही. मी फार्मसीची विद्यार्थिनी असले तरी ते डॉक्टरांचं काम. मी सांगणार आहे त्या उत्तराबद्दल. ते द्यायला आमच्या घराला फार वेळ लागला, आणि पहिल्यांदा आम्ही ते चुकीचंच दिलं.

मेहरूणची खोली

बारावीनंतर मला जळगावला फार्मसीला प्रवेश मिळाला. एका विश्वस्त संस्थेची शिष्यवृत्ती होती, चार वर्षांची, त्यात कॉलेजची फी आणि राहण्याजेवणाचा खर्च दोन्ही निघायचं. ती नसती तर मी दोंडाईच्याच्या पुढं गेलेच नसते.

माझे वडील मापाडी आहेत. बाजारात आलेला माल काट्यावर घालायचा आणि वजन पुकारायचं, हे त्यांचं काम. पुकारायचं असं, की विकणाऱ्या शेतकऱ्याला आणि घेणाऱ्या व्यापाऱ्याला दोघांनाही ऐकू गेलं पाहिजे. त्यामुळे नानांचा आवाज खणखणीत. मोजताना ते ‘एक’ म्हणत नाहीत. पहिल्या पोत्याला ‘लाभ’ म्हणायचं आणि मग दोन, तीन, चार, अशी जुनी रीत आहे. नाना घरीसुद्धा तसंच मोजतात. भाकरी असो की धुतलेले कपडे, पहिला नग लाभ.

जळगावला मी मेहरूण भागात शाहीनच्या घरी वरच्या खोलीत राहायचे. शाहीन माझ्याच वयाची. तिचे अब्बा शर्ट शिवायचे आणि ती खाली बसून काजं-बटणं करायची. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला काहीतरी बिघडलं, आणि ते नेमकं कुठल्या दिवशी, हे मला अजून सांगता येत नाही. आधी सकाळचा तास बुडायला लागला. मग प्रॅक्टिकल. मग मी अंघोळीचं पाणी काढून ठेवायचे आणि ते निवून जाईपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचे. रडू येत नव्हतं. लोकांना वाटतं या आजारात माणूस सारखं रडतं. मला तर रडण्याचाही कंटाळा आला होता.

शाहीनला कळलं ते कपड्यांच्या वासावरून. मी बादलीत कपडे भिजवले होते आणि चार दिवस ते तसेच होते. ती वर आली, नाकाला ओढणी लावली, बादली उचलली आणि काही न विचारता सगळे कपडे धुऊन गच्चीवर वाळत घातले. मग माझ्या शेजारी बसून म्हणाली, “अर्चना, तुझ्या नानांचा नंबर दे.”

“कशाला?”

“अगं, मी बादली धुऊ शकते. बाकीचं मला नाही जमणार.”

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना आले. बाजारातले कपडे तसेच, अंगाला मिरचीचा वास. दारात चप्पल काढून ते माझ्या पलंगाच्या कडेला बसले.

“काय व्हयनं, पोर?”

“माहीत नाही, नाना.”

त्यांनी आणखी विचारलं नाही. पुस्तकं पिशवीत भरायला लागले. मोजत होते, पण त्या दिवशी आवाज इतका बारीक, की मला फक्त ‘लाभ’ ऐकू आलं.

कमी काय आहे?

दोन महिने मी घरात पडून होते. मायनं दृष्ट काढली. आमच्या गावात मिरच्यांना तोटा नाही, त्यामुळे दृष्टही सढळ हातानं निघते. जाळलेल्या मिरच्यांच्या धुराचा खकाणा उठला नाही म्हणजे दृष्ट लागली होती, आणि उठला म्हणजे ती गेली, असं मायचं दोन्हीकडून बसणारं गणित होतं. कुणी विचारलं तर ती “परीक्षा झाली, सुट्टीवर आली आहे” म्हणायची. सुट्टी फारच लांबते आहे असं शेजारणींच्या लक्षात यायला लागलं, तेव्हा तिनं मला मागच्या खोलीत हलवलं. त्याबद्दल मी तिच्यावर पुष्कळ रागावले होते. आता नाही. तिलाही कुणी काही शिकवलेलं नव्हतं.

शेवटी नाना मला धुळ्याला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी नानांना बाहेर बसवलं. माझ्याशी इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग अगदी जेवलीस का विचारावं तशा सुरात विचारलं, “जगणं नको वाटतं का?”

मी हो म्हणाले. हो म्हटल्याबरोबर मला इतकं हलकं वाटलं, की मी घाबरले. कुणीतरी हे विचारायची मी वाट बघत होते, आणि ते मलाच माहीत नव्हतं.

त्यांनी नानांना आत बोलावून आजाराचं नाव सांगितलं. नानांनी टेबलावरच्या काचेवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, “पण मॅडम, हिला कमी काय आहे? खायला आहे, शिकायला आहे. आम्ही कधी एक शब्दानं बोललो नाही.”

“नाना, हिला कावीळ झाली असती, तर तुम्ही विचारलं असतं का, की हिला कमी काय होतं?”

“नाही.”

“मग हेही तसंच समजा.”

मॅडमनी हे समजावून सांगण्यासाठी म्हटलं होतं. नानांनी ते पुढं किती मनावर घेतलं, हे ऐकलं तर त्यांनाही हसू येईल.

मी बारा दिवस दाखल होते. वॉर्डमधले दिवस कंटाळवाणे होते आणि त्या कंटाळ्यानंच मला बरं केलं असं कधीकधी वाटतं. सकाळी चहा, मग गोळ्या, मग मॅडमची फेरी, मग जेवण. ठरवायचं असं काही नव्हतं. वॉर्डमधली मावशी रोज माझी वेणी घालायची. पहिल्या दिवशी केसांचा गुंता बघून म्हणाली, “कापायचे नाहीत. सोडवू सावकाश, कुठं जायचंय आपल्याला?” तीन दिवस लागले तिला. तिसऱ्या दिवशी फणी वरपासून खालपर्यंत सरकली, तेव्हा मी रडले. मावशी घाबरली, पण मॅडम म्हणाल्या, चांगलं आहे.

नाना रोज येत नसत, बाजार चुकवता येत नव्हता. पण आले की गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन मोजायचे. लाभ, दोन, तीन. कमी झाल्यात ना, एवढंच बघायचे. जाताना दाराशी थांबून म्हणायचे, “कोनले सांगू नको हं.” आणि मग स्वतःच ओशाळायचे.

तयार नमुना

बरी व्हायला वर्ष गेलं. मध्ये दोनदा वाटलं, झाले बरी, आणि दोनदा पुन्हा खाली गेले. हे सांगून ठेवते, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं आणि दुसऱ्या वेळी मला वाटलं की आता सगळं संपलं. तसं नसतं.

मॅडम म्हणाल्या, शिक्षण सुरू करायला हरकत नाही, पण त्यांच्या दवाखान्यापासून फार लांब नको. म्हणून धुळ्यातल्याच एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचं ठरलं. तिथं खंडाचं प्रतिज्ञापत्र मागितलं. मध्ये वर्ष वाया गेलं असेल, तर त्या काळात मूल कुठं होतं, काय करत होतं, हे पालकानं शपथेवर लिहून द्यायचं आणि खाली मुलानंही सही करायची.

धुळ्याच्या तहसील कचेरीबाहेर झाडाखाली एक टायपिंगवाले आबा बसायचे. त्यांच्याकडे सगळ्या प्रतिज्ञापत्रांचे तयार नमुने. नाव, गाव, वर्ष बदललं की झालं.

“खंडाचं कारण?” त्यांनी मान वर न करता विचारलं. मागं पाचसहा माणसं उभी होती.

नानांनी मागं वळून त्या माणसांकडे बघितलं. मीही.

“घरगुती अडचण टाकू?”

“चालेल,” नाना म्हणाले.

“नुसती अडचण नाही चालत आता. कॉलेजवाले परत पाठवतात. कोण आजारी होतं का घरात?”

नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “मी होतो.”

“काय झालं होतं?”

“कावीळ.”

आबांनी टाइप केलं. वडिलांना कावीळ झाल्यामुळे त्यांच्या सेवेसाठी मुलीला वर्षभर घरी राहावं लागलं. नानांनी सही केली, खाली मी केली. वर्षभर टिकणारी कावीळ हे वाचून फार्मसीच्या कॉलेजातल्या कुणाला काहीच वाटलं नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

बसस्टँडवर मी नानांना म्हटलं, “हे खोटं आहे.”

“मना नाववर शे ना? राहू दे. तुना नाववर नको.”

मापाड्याची जीभ म्हणजे त्याची अब्रू. आयुष्यभर काट्यावर दिसेल तेच पुकारणारा माणूस माझ्यासाठी शपथेवर खोटं बोलला होता. मला तेव्हा फक्त बरं वाटलं, हे कबूल करते.

पथ्य

मागं उभ्या असलेल्या पाचसहा माणसांत एकजण दोंडाईच्याचा निघाला. आपल्याकडे तो निघतोच. दोन दिवसांनी बाजारात दामूभाऊंनी नानांना अडवलं. दामूभाऊ म्हणजे नानांच्या शेजारच्या काट्यावरचे मापाडी, दुपारी दोघं डबा एकत्र खायचे.

“नाना, तुमले कावीळ व्हती? अंगवर काढी अन् माले सांगं नही?”

नानांनी मान हलवली. त्या दिवसापासून सगळ्या बाजारानं त्यांची कावीळ ताब्यात घेतली. कुणी उसाचा रस आणून द्यायचं, कुणी गूळ-फुटाणे. दामूभाऊंनी तर फर्मानच काढलं, तेल बंद, तिखट बंद. जिथं उन्हाळ्यात रस्त्यानं चालतानासुद्धा शिंका येतात, अशा मिरचीच्या गावात नाना मुगाची मऊ खिचडी खायला लागले. इतर लोक भाकरीवर ठेचा घेऊन बसायचे आणि नाना जरा बाजूला, पिवळ्या खिचडीचा डबा उघडून.

घरी तिखट खायला काय हरकत होती? कोण बघत होतं? पण नाना घरीही खाईनात. माय चिडायची. एकाच घरात दोन भाज्या कराव्या लागायच्या. मी म्हणायचे, नाना, पुरे आता, कावीळ एवढी राहत नाही. तर म्हणायचे, “डॉक्टर तू नही अजून.”

मला वाटायचं, गंमत करताहेत. ते स्वतःला काहीतरी शिक्षा करून घेताहेत, हे समजायला मला दोन वर्षं लागली.

खिडकीपलीकडच्या वाघ मॅडम

तिसरं वर्ष संपत आलं आणि शिष्यवृत्तीही. चार वर्षांतलं एक जळगावात गेलं होतं, दुसरं अंथरुणात, पुढची दोन धुळ्यात. आता शेवटचं वर्ष बाकी आणि हाती काही नाही. कॉलेजात शिष्यवृत्तीचं काम वाघ मॅडम बघायच्या. त्यांनी संस्थेचं नियमपत्रक काढलं आणि बोट ठेवून वाचलं. विद्यार्थ्याचं शिक्षण आजारपणामुळे खंडित झालं असेल, तर विशेष बाब म्हणून एक वर्ष वाढवून मिळू शकतं. डॉक्टरांचा दाखला जोडायचा, स्वतःच्या अक्षरात एक पानभर निवेदन लिहायचं, आणि पालकांसह जळगावला समितीपुढं यायचं.

मी जवळजवळ उडीच मारली. वाघ मॅडमनी माझी फाईल उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“अगं, पण आजारी तर तुझे वडील होते ना? इथं स्पष्ट लिहिलंय, विद्यार्थ्याचं स्वतःचं आजारपण. घरातल्या माणसाचं चालत नाही. आणि हे प्रतिज्ञापत्र संस्थेकडेही गेलंय.”

मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. जी कावीळ मला वाचवायला आली होती, तीच आता दार अडवून बसली होती.

टायपिंगवाल्या आबांना विचारून बघितलं. त्यांनी क्षणात तोड काढली. “कावीळ घरात पसरते की. वडिलांची तुला लागली, असं दाखवू. दाखला देणारा कुणी भेटेल.” मायला हे फार पटलं. कुणाचंच काही बिघडत नाही, ती म्हणाली.

मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोलू. मी निवेदन लिहायलासुद्धा बसले. लिहिलं, मला भूक लागत नव्हती. उठून बसायची ताकद नव्हती. अन्नाचा वास सहन होत नव्हता. दिवसचे दिवस अंथरुणात जात होते. अभ्यास समोर असून अक्षर दिसत नव्हतं. पान भरलं. पुन्हा वाचलं तर त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. फक्त वर लिहिलेलं आजाराचं नाव तेवढं खोटं होतं. एवढं सगळं खरं भोगलं आणि त्याला दुसऱ्याचं नाव द्यायचं, याची मला एकदम चीड आली. मी ते पान फाडलं.

शनिवारी घरी जाऊन सांगितलं, मी खरं लिहिणार. डॉक्टर मॅडम दाखला द्यायला तयार आहेत.

मायचा हात कणकेतच थांबला. “उद्या तुना लगीनले कोन्ही हाऊ कागद दखाडा तं? लोक काय म्हनतीन?”

“आणि नाही लिहिलं तर कॉलेज सोडते. इथं दुकानात काम बघते. मग लोक काय म्हणतील?”

मला ते एवढं टोचून बोलायला नको होतं. माय रडायला लागली. नाना खिचडीचं ताट पुढ्यात घेऊन बसले होते. मी खरं लिहिलं, तर नाना शपथेवर खोटं बोलले हेही त्याच फाईलमध्ये येणार होतं. नाना जेवण तसंच टाकून उठून गेले. मी आल्या पावली धुळ्याला परतले.

आठ दिवस फोन नाही. त्या आठ दिवसांत मी आजारी पडेन अशी मला भीती वाटत होती. गोळ्या वेळेवर घेतल्या, डॉक्टर मॅडमना भेटून आले, हॉस्टेलच्या मेसमध्ये भूक नसतानाही ताट संपवलं. बरं होणं म्हणजे असं सगळं न चुकता करत राहणं, दुसरं काही नाही.

नववा दिवस

नवव्या दिवशी सकाळी नाना कॉलेजच्या फाटकात उभे. पांढरा इस्त्रीचा सदरा, जो फक्त लग्नाला निघतो.

“चाल,” म्हणाले. “त्या आबाकडे.”

झाड तेच, आबा तेच, मागं उभी असलेली माणसं फक्त वेगळी. आबांनी कागद चढवला. “बोला.”

नाना काहीतरी पुटपुटले.

“मोठ्यानं बोला.”

“पोरीचं… खंडाचं कारण बदलायचं आहे.”

“काय लिहू?”

सगळ्या बाजाराला वजन ऐकवणारे माझे नाना, पण त्यांचा आवाज फुटेना. मी म्हटलं, मी सांगते. त्यांनी हातानं मला थांबवलं.

“हिला मनाचा आजार होता,” ते म्हणाले. “नैराश्य. हिला. मला नाही.”

आबांचे हात थांबले. त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून आमच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलणार. तर ते म्हणाले, “याचा नमुना नाही माझ्याकडे. तुम्ही सांगा, मी तुमच्याच शब्दांत घालतो.”

मग नाना सांगत गेले आणि ते टाइप करत गेले. मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो, की त्या वर्षी माझी मुलगी अर्चना आजारी होती. मी आजारी नव्हतो. आजाराचं नाव सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी पहिल्या कागदात खोटं लिहिलं. त्यात मुलीचा दोष नाही.

“लाज वाटली हे ठेवायचं का?” आबांनी विचारलं.

“ठेवा.”

समिती

जळगावला समितीपुढं आम्ही दोघं बसलो. टेबलापलीकडे तिघंजण. बाहेरच्या बाकावर शाहीन बसली होती. काजं-बटणांचं काम टाकून आली होती, आणि मला आत जाताना म्हणाली होती, “कपडे धुवायचे असतील तर सांग.” त्यामुळे मी हसत आत गेले.

माझं निवेदन त्यांनी वाचलं होतं. मधल्या गृहस्थांनी दोन्ही प्रतिज्ञापत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि चष्मा काढून नानांना विचारलं, “पहिलं तुम्ही शपथेवरच केलं होतं. ते खोटं निघालं. मग दुसरं खरं कशावरून समजायचं?”

या प्रश्नाला मी घाबरत होते. यावर सगळं अवलंबून होतं.

नाना उभे राहिले. “साहेब, मी मापाडी आहे. काट्यावर वजन चुकलं, तर आम्ही लपवत नाही. माल पुन्हा चढवायचा, पुन्हा पुकारायचं, पहिला आकडा खोडायचा आणि शेजारी सही करायची. चुकीचं पुकारलं तेव्हा माझ्या पोरीवर कुणी बोट दाखवलं नव्हतं. आता दाखवतील. तरी पुन्हा पुकारतोय, म्हणजे हेच खरं असणार ना?”

त्या गृहस्थांनी चष्मा पुन्हा घातला. कडेच्या बाईंनी मला विचारलं, आता तब्येत कशी आहे. मी म्हणाले, बरी आहे, गोळ्या चालू आहेत. कळवू, म्हणाले.

दुपारची सुट्टी

पत्र यायला दीड महिना गेला. वाघ मॅडमनी खिडकीतून लांबूनच मला हाक मारली, त्या हाकेतच काय ते कळलं. मी तिथंच उभ्या उभ्या नानांना फोन लावला. बाजाराची दुपारची सुट्टी होती, मागं डबे उघडल्याचे आवाज येत होते.

“नाना, मंजूर झालं.”

नाना घसा खाकरून म्हणाले, “काय लिखेल शे? वाच.”

“नंतर वाचते, नाना. तुमच्याजवळ माणसं आहेत.”

“थांब.” फोनशी काहीतरी खाटखूट झाली आणि त्यांचा आवाज लांबून यायला लागला. त्यांनी स्पीकर लावला होता. “आते वाच. मोठा आवाजमा वाच.”

मी वाचलं. “विद्यार्थिनीच्या मानसिक आजारपणामुळे तिचे शिक्षण खंडित झाले होते, हे लक्षात घेऊन, विशेष बाब म्हणून तिला एक वर्षाची वाढ मंजूर करण्यात येत आहे.”

पलीकडे सगळं शांत झालं. बाजार एवढा शांत मी कधी ऐकला नव्हता. मग दामूभाऊंचा आवाज आला, गोंधळलेला. “नाना, मंग तुमनी कावीळ?”

आणि नानांनी पुकारलं. शेतकऱ्यालाही ऐकू जाईल आणि व्यापाऱ्यालाही, अशा त्यांच्या नेहमीच्या आवाजात. “माले कावीळ कधी व्हयेलच नव्हती. मनी पोर बिमार व्हती. आते बरी शे.”

मग दामूभाऊ म्हणाले, “अरे, मग दोन वरीस ती खिचडी कसाले खाधी?” आणि कुणीतरी फुसकन हसलं. मग सगळेच हसले. नानाही. त्यांना असं हसताना मी किती दिवसांनी ऐकत होते!

“दामूभाऊ,” नाना म्हणाले, “तुना डबामाईन ती मिरची दे इकडे.”

कचकन चावल्याचा आवाज आला. मागोमाग असा ठसका, की मी इथं खिडकीपाशी घाबरले. पाणी द्या, पाठीवर थापटा, एकच गलका. वाघ मॅडम विचारत होत्या, काय झालं, आणि मला हसू आणि रडू दोन्ही येत होतं.

“अजून दिऊ का, नाना?” दामूभाऊंनी विचारलं.

“दे,” नाना खोकत म्हणाले. “हाई तं लाभ व्हती.”